हाडांचा जमाखर्च



युनियनच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत हाडांविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पगारवाढ, बोनस, टाळेबंदी हे आमचे नेहमीचे विषय. मी डॉक्टर नाही. माझी शाळा नववीत सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले, ते छापखान्यात उभे राहून आणि संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयात बसून झाले. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते पंडिताचे व्याख्यान नव्हे. वाचता वाचता एका पुरस्काराच्या नावापाशी मी थबकलो आणि त्या नावामागे कोण कोण उभे आहे याचा शोध घेऊ लागलो. त्या शोधात जे सापडले तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

हाडे आणि खनिजे यांच्या संशोधनासाठी अमेरिकेत १९७७ साली एक संस्था स्थापन झाली. 'अमेरिकन सोसायटी फॉर बोन अँड मिनरल रिसर्च' हे तिचे नाव. या क्षेत्रात मोलाचे काम करणाऱ्यांना ती जे पुरस्कार देत आली, त्यांतला एक खास तरुण संशोधकांसाठी आहे. त्याला डॉ. फुलर ऑल्ब्राइट यांचे नाव दिलेले आहे. हे नाव सार्थच आहे; ऑल्ब्राइट यांची योग्यता तेवढीच मोठी होती. परंतु त्यांचे काम वाचीत गेलो तसतशी त्यात डॉक्टरांखेरीज दुसरीही माणसे दिसू लागली. शिशाच्या कारखान्यातले मजूर, ट्रामचा कंडक्टर, व्यापारी जहाजावरचा कप्तान. ही माणसे खाटेवर पडलेली होती, म्हणून त्यांची नावे पुरस्कारांना मिळाली नाहीत.

आपल्या भाषेची एक खोड आहे. डॉक्टरांविषयी बोलताना आपण सहज 'ते म्हणाले' म्हणतो आणि कंडक्टरविषयी 'तो म्हणाला'. आज मी दोघांनाही अहोजाहो करणार आहे. आपण ते गोड मानून घ्यावे.

प्रथम हाड म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आपल्याला हाड म्हणजे घराच्या खांबासारखी निर्जीव वस्तू वाटते. वस्तुतः ते जिवंत असते. शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम, म्हणजे साध्या भाषेत चुना असतो आणि त्याचा शंभरातला नव्व्याण्णव वाटा हाडांत व दातांत साठवलेला असतो. उरलेला अगदी थोडा रक्तात आणि मांसात फिरतो. पण त्या थोड्यावरच स्नायूंचे आणि मज्जातंतूंचे व्यवहार चालतात. तो कमी पडला की शरीर हाडांच्या तिजोरीतून काढते आणि जास्त झाला की तेथे ठेवते. या तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांत गळ्यातल्या चार लहान ग्रंथी प्रमुख आहेत. प्रत्येकीचा आकार तांदळाच्या दाण्याएवढा. मराठीत त्यांना परावटू ग्रंथी म्हणतात आणि डॉक्टर मंडळी पॅराथायरॉइड म्हणतात. त्यांचा रस रक्तात उतरला की हाडांतला चुना बाहेर पडू लागतो. तो प्रमाणात असेल तर सारे ठीक. एखादी ग्रंथी बिघडून फुगली, की हिशेबनिसानेच तिजोरी लुटावी तसे होते.

आता ऑल्ब्राइट यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १९०० साली अमेरिकेतील बफेलो शहरी एका सधन उद्योगपतीच्या घरी झाला. हार्वर्डमधून १९२४ साली ते डॉक्टर झाले आणि बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. जोसेफ ऑब यांच्या हाताखाली काम करू लागले. ऑब त्या वेळी कशाचा अभ्यास करीत होते? शिशाच्या विषबाधेचा. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. याचे कारण माझ्या पोरवयात आहे.

पंधराव्या वर्षी मी एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. ते खिळे शिशाचे असत, त्यात अँटिमनी आणि कथील मिसळलेले. दिवसभर बोटे काळी. आमच्यात एक वडीलधारे जुळारी होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. त्यांचा हात इतका चपळ की डोळ्यांनी मजकूर वाचून होण्याआधी स्टिकमध्ये ओळ भरलेली असे. पुढे त्यांच्या पोटात कळा येऊ लागल्या आणि एके दिवशी उजवे मनगट लुळे पडले. कोणी म्हणाले वात आहे. मालक म्हणाले, "हात न धुता भाकरी खाता, मग काय होणार?" अण्णांना ते शिशाने झाले की आणखी कशाने, हे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. सांगता येत नाही, कारण कोणी मोजलेच नाही. त्यांच्या रक्तातले शिसे तपासावे असे कोणाच्या मनातही आले नाही. आमच्याही नाही.

"हात धूत नाहीत" हा आरोप जगभर जुना आहे. अमेरिकेत डॉ. ॲलिस हॅमिल्टन या बाईंनी १९१० च्या सुमारास इलिनॉय राज्यातील शिशाचे कारखाने पायाखाली घातले. भट्ट्या पाहिल्या, मजुरांच्या घरी गेल्या. त्यांनी दाखवून दिले की मुख्य वैरी हाताचा मळ नसून हवेतली शिशाची धूळ आणि धूर हा आहे. मजुराला तो श्वासाबरोबर घ्यावाच लागतो. म्हणजे दोष मजुराच्या सवयीचा नसून कारखान्याच्या रचनेचा. १९१९ साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना अध्यापक नेमले. तेथील त्या पहिल्या स्त्री अध्यापक. त्याच वातावरणात ऑब यांचे संशोधन सुरू झाले. त्याला शिशाच्या कारखानदारांकडूनही पैसा मिळाला, हे लपवण्याचे कारण नाही. पैसा कोणाचा हे जरूर विचारावे. पण सापडलेले सत्य कोणाच्या बापाचे राहत नाही.

हे सत्य असे होते, की शरीरात गेलेले शिसे चुन्याचे सोंग घेते. चुना जेथे जातो तेथे तेही जाते आणि हाडांत जाऊन बसते. बसले की पोटातली कळ थांबते, मजुराला बरे वाटते, तो पुन्हा कामावर जातो. परंतु पुढे ताप, उपवास किंवा दुसरे आजारपण आले आणि हाडांतून चुना निघू लागला, की त्याच्याबरोबर शिसेही रक्तात उतरते आणि जुने दुखणे वर येते. मग ऑब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला, की चुना बाहेर काढता आला तर शिसेही काढता येईल. नेमके १९२५ साली कॅनडातील डॉ. जेम्स कॉलिप यांनी परावटू ग्रंथींचा प्रभावी अर्क तयार केला होता. तो शिशाने आजारी असलेल्या रुग्णांना देऊन, किती चुना निघतो आणि किती शिसे निघते याची मोजदाद झाली. या कामात इंग्लंडहून आलेले डॉ. डोनाल्ड हंटर हे तरुण डॉक्टरही होते. त्यांनीच पुढे १९५५ साली धंद्यांमुळे होणाऱ्या रोगांवर मोठा ग्रंथ लिहिला. १९५० नंतर शिसे बांधून लघवीवाटे काढणारी औषधे आली आणि तो जुना उपाय मागे पडला. पण त्या निमित्ताने परावटू ग्रंथी आणि हाडे यांचे नाते मोजून पाहण्याची विद्या हाती आली.

ही मोजदाद कशी चाले ते ऐका. या हॉस्पिटलात १९२५ साली दहा खाटांचा एक विभाग उघडला होता. त्याला 'वॉर्ड चार' म्हणत. येथे रुग्णाच्या ताटातला घासन् घास वजन करून दिला जाई. त्याचे मलमूत्र थेंब न सांडता जमा करून तपासले जाई. किती चुना आत गेला, किती बाहेर आला, शिल्लक किती. वाण्याच्या वहीसारखा हा जमाखर्च. असे एकदोन दिवस नव्हे, महिनोन्महिने. डॉक्टरांचे कष्ट मोठे होतेच, पण ज्याने मोजले त्याच्याइतकेच श्रेय ज्याने मोजू दिले त्यालाही आहे, असे मला वाटते. एकच ठरलेले अन्न महिनोन्महिने खाऊन पाहा, म्हणजे पटेल.

इकडे बोस्टनमध्ये हे चालले असताना, युरोपात व्हिएन्ना शहरी तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने सुटत होता. तेथे अल्बर्ट नावाचे ट्रामचे कंडक्टर होते. वय तिशीतले. त्यांची हाडे दुखू लागली, ठिसूळ झाली, मांडीचे हाड मोडले. रोग माहीत होता, कारण माहीत नव्हते. अशा रुग्णांच्या गळ्यात परावटू ग्रंथी फुगलेली सापडते, एवढे शवविच्छेदनातून कळले होते. परंतु ग्रंथी फुगते म्हणून हाडे बिघडतात, की हाडे बिघडतात म्हणून बिचारी ग्रंथी जास्त काम करून फुगते? त्याच शहरातील थोर रोगवेत्ते याकोब एर्डहाइम यांचे मत दुसऱ्या बाजूचे होते आणि त्यांच्या शब्दाला वजन होते. शल्यवैद्य डॉ. फेलिक्स मँडल यांनी म्हणून प्रथम अल्बर्ट यांना ग्रंथींचा अर्क दिला, दुसऱ्या माणसाच्या ग्रंथीही बसवून पाहिल्या. गुण आला नाही. तेव्हा त्यांनी उलट वाट धरली. ३० जुलै १९२५ रोजी गळा उघडून त्यांनी फुगलेली ग्रंथी काढून टाकली. लघवीतून वाहून जाणारा चुना कमी झाला, दुखणे उतरले आणि जे अल्बर्ट अंथरुणाला खिळले होते ते पुन्हा चालू लागले.

एका शस्त्रक्रियेने असा मोठा वाद निकालात निघाला. तथापि ही गोष्ट येथेच थांबवली तर ती परीकथा होईल. काही वर्षांनी दुखणे उलटले, पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि १९३६ साली अल्बर्ट वारले. मँडल ज्यू होते. १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर ते जेरुसलेमला गेले आणि युद्ध संपल्यानंतर व्हिएन्नाला परतले. ऑल्ब्राइट स्वतः १९२८ च्या सुमारास वर्षभर व्हिएन्नाला जाऊन एर्डहाइम यांच्यापाशी शिकले. ज्या गुरूचे मत या प्रश्नात चुकीचे ठरले, त्याच्याकडूनही पुष्कळ शिकता येते, हा धडा आम्हा चळवळीतल्या माणसांनी घेण्यासारखा आहे.

तिसरे गृहस्थ कॅप्टन चार्ल्स मार्टेल. हे व्यापारी जहाजावरचे अधिकारी. कप्तान म्हणजे मजूर नव्हे हे मी जाणतो. पण तेही नोकरीवरच पोट भरीत होते. उंच, धडधाकट माणूस. पहिले महायुद्ध संपण्याच्या सुमारास त्यांची हाडे ठिसूळ होऊ लागली. एकामागून एक मोडली. पाठ वाकली, छाती पुढे आली आणि उंची तब्बल सात इंचांनी घटली. १९२६ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात डॉ. यूजीन ड्यूबॉइस यांनी त्यांच्या रक्तातला वाढलेला चुना पाहून ग्रंथीचा दोष ओळखला आणि त्यांना बोस्टनला ऑब यांच्याकडे धाडले. वॉर्ड चारमध्ये त्यांचा जमाखर्च मांडला गेला. त्या निरीक्षणांचा निबंध १९३० साली प्रसिद्ध झाला, त्यावर ऑल्ब्राइट यांचेही नाव आहे.

निदान अचूक होते, पण ग्रंथी सापडेना. १९२६ मध्ये दोनदा गळा उघडला. १९२९ मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा. १९३२ मध्ये बोस्टनला आणखी तीन वेळा. सहा शस्त्रक्रिया व्यर्थ गेल्या. दुसरा कोणी असता तर त्याने हात टेकले असते. कॅप्टन मार्टेल मात्र वाचनालयात जाऊन बसले. शरीररचनेची पुस्तके स्वतः वाचली आणि डॉक्टरांपाशी आग्रह धरला, की गळ्यात नसेल तर छातीत पाहा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सातवी शस्त्रक्रिया झाली. डॉ. एडवर्ड चर्चिल आणि डॉ. ऑलिव्हर कोप यांनी छातीचे हाड कापून आत पाहिले. ग्रंथी तेथेच होती, सुमारे तीन सेंटिमीटरची. निदान खरे ठरले, मार्टेल यांचा आग्रहही खरा ठरला. पण उशीर झाला होता. वाहून गेलेल्या चुन्याचे मूत्रपिंडात खडे झाले होते. त्या दुखण्याने काही आठवड्यांतच त्यांचा अंत झाला.

ज्या माणसाने वाचनालयात बसून आपल्या रोगाचा ठाव शोधला, त्यांच्याविषयी मजसारख्या वाचनालयातच शिकलेल्या माणसाला काय वाटत असेल, ते मी बोलून दाखवीत नाही.

अशा रुग्णांच्या निरीक्षणांवर ऑल्ब्राइट यांनी आपले शास्त्र उभे केले. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांची हाडे विरळ होतात, मणके खचतात आणि याचा संबंध बीजग्रंथींच्या स्रावाशी आहे, हे त्यांनी सहकाऱ्यांसह १९४१ साली मांडले. त्यांची कारणमीमांसा पुढे काही अंशी बदलली, पण संबंध खरा ठरला. आपल्या घरोघरच्या आजी वाकून चालतात, त्याला 'वयच झाले' म्हणून सोडून देण्याचे दिवस तेथून संपावयास हवे होते. १९४८ साली डॉ. एडवर्ड राइफेनस्टाइन यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ हाडांच्या रोगांचा पाया मानला गेला.

आणि हे सारे काम त्यांनी कोणत्या शरीराने केले? छत्तिशीच्या सुमारासच त्यांना कंपवात जडला होता. हात थरथरत, बोलणे अडखळे, तरी वीस वर्षे ते काम करीत राहिले. १९५६ साली कंपवातावरची त्या काळी नवी असलेली मेंदूची शस्त्रक्रिया त्यांनी करून घेतली. तीत मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्यांची वाचा कायमची गेली. त्यानंतर डिसेंबर १९६९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तेरा वर्षे, ते त्याच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात खाटेवर पडून होते. ज्या इमारतीत त्यांनी इतरांच्या शरीराचा हिशेब मांडला, तेथेच ते रुग्ण झाले. तेव्हा डॉक्टर एका बाजूला आणि रुग्ण दुसऱ्या बाजूला, ही माझी मांडणी मला स्वतःलाच सुधारून घ्यावी लागली. नव्या उपायाला आपले शरीर देणाऱ्यांच्या रांगेत कंडक्टर अल्बर्ट आहेत, कॅप्टन मार्टेल आहेत आणि पुरस्काराला ज्यांचे नाव आहे ते फुलर ऑल्ब्राइटही आहेत.

परंतु एक भेद मात्र उरतोच. ऑल्ब्राइट यांनी आपल्या मर्जीने ती शस्त्रक्रिया करून घेतली. शिशाच्या मजुराला कोणी विचारले नव्हते. त्याच काळात अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज गावी मुली घड्याळांच्या तबकड्यांवर चमकणारा रेडियमचा रंग भरीत आणि कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरीत. तसेच करावयास त्यांना शिकवले होते. रेडियमही चुन्याचेच सोंग घेऊन हाडांत शिरते. जबडे झडले, मुली मेल्या. १९२५ साली डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी हे पुराव्यानिशी दाखवले. पाच जणींनी कंपनीवर दावा लावला आणि १९२८ साली तडजोड पदरात पाडून घेतली. शरीरात गेलेल्या किरणोत्सर्गी द्रव्यांविषयी जगाला जे कळले, त्यातले पुष्कळसे या मुलींच्या हाडांतून कळले.

कोणी म्हणेल, मग तुमचे म्हणणे काय? पुरस्कार मजुरांच्या नावाने द्यावेत? नाही. पुरस्काराचे नाव बदलून कोणाचे हाड बळकट होत नाही. माझे म्हणणे इतकेच, की जे ज्ञान कामकऱ्याच्या हाडांतून निघाले, ते कामकऱ्याच्या दारापर्यंत परत गेले पाहिजे. आपल्या देशात १९४८ च्या कारखाने कायद्याने शिशाची विषबाधा हा कळवण्याजोगा रोग ठरवला. कायदा झाला, पण जेथे कोणी मोजत नाही, तेथे कळवणार काय?

खिळ्यांचे छापखाने आता गेले. शिसे गेले नाही. ते जुन्या बॅटऱ्यांत आहे. गावाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणारी पोरे मी पाहिली आहेत. त्यांच्या हाडांत आज जे जमा होत आहे, ते निघून जायला दहा-दहा, वीस-वीस वर्षे लागतात. एखादी मुलगी तेथे काम करील, पुढे आई होईल, तेव्हा तिच्या हाडांतला चुना पोटातल्या बाळाकडे जाईल आणि त्याच्याबरोबर शिसेही जाईल. म्हातारपणी ऑल्ब्राइट यांनी सांगितले तशी तिची हाडे झिजू लागतील, तेव्हा तरुणपणी साठलेले विष पुन्हा रक्तात उतरेल. शेड तोपर्यंत बंद झालेली असेल, मालक दुसऱ्या धंद्यात गेलेला असेल. हाड मात्र हिशेब विसरत नाही.

आपल्या गावात डॉक्टर आहेत, तपासणीच्या प्रयोगशाळा आहेत, आणि आपल्यासारखी जाणती मंडळी आहेत. त्या शेडमधल्या पोरांच्या रक्तातले शिसे मोजून घ्यावे, एवढे एक काम आपण मिळून अंगावर घेऊ या. आमची युनियन त्यांच्या घरी जाऊन त्यांना समजावील. तपासणीचे आपण पाहा. अण्णांचे मनगट लुळे पडले तेव्हा मोजावे असे आम्हाला सुचले नव्हते. आता सुचले नाही, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही.